थंडीच्या तोंडावर डिझेलमध्ये पाम बायोडिझेल मिसळताना

इंडोनेशियात १ जानेवारी २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पाम बायोडिझेल, म्हणजे पामतेलापासून केलेलं इंधन, सक्तीचं झालं. २०२० साली हाच आकडा ३० होता. आपल्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्क्यांचं नुसतं उद्दिष्ट आहे. तिकडचा आकडा वाचून पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या जनरेटरमध्ये तेवढंच ओतू नका. जकार्तात पहाटेही पारा २० अंशांखाली जात नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पाषाण, शिवाजीनगरला तो १० च्या खाली उतरतो.

शुद्ध पाम बायोडिझेल साधारण १३ ते १६ अंशांना ढगाळतं. पामतेलातलं पामिटिक आम्ल याला कारणीभूत; त्याचं एस्टर (बायोडिझेल अशा एस्टरांचंच बनतं) थंडीत लवकर गोठतं. मेणासारखे पांढरे कण फिल्टरच्या कागदावर चिकटतात. इंजिन सुरू होतं, दोन-चार मिनिटं चालतं, मग धापा टाकत बंद पडतं.

म्हणून पुरवठादाराला आधी कच्चा माल विचारा. पाम स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, असेल तर थंडीत घेऊच नका. वापरलेल्या खाद्यतेलाचं असलं तरी निर्धास्त राहू नका. फरसाणाच्या कढईत बहुधा पामोलीनच, म्हणजे पामतेलाचा पातळ भाग, असतो. त्याच बॅचचा आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी अहवाल मागा. त्यात पाणी ५०० मिग्रॅ प्रतिकिलोपेक्षा आणि आम्लमूल्य ०.५ पेक्षा जास्त नको.

किती टक्के चालेल हे इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. बीएस-६ गाडीत ७ टक्क्यांपुढे जाऊ नका. पंपावरच्या डिझेलमध्येही ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं, तेही हिशेबात धरा.

मिसळण्याआधी बाटलीची चाचणी कराच. पारदर्शक बाटलीत ८० मिली डिझेल, २० मिली बायोडिझेल घ्या, घट्ट झाकण लावा आणि थंडीत रात्रभर गच्चीवर ठेवा, शेजारी थर्मामीटर. सकाळी बाटली न हलवता उजेडात धरा. तळाशी पांढुरका थर किंवा धुरकटपणा दिसला तर बायोडिझेलचं प्रमाण १० टक्क्यांवर आणा आणि चाचणी पुन्हा करा.

एक हजार लिटरच्या टाकीत २० टक्के मिश्रण करायचं तर आधी ८०० लिटर डिझेल, वरून २०० लिटर बायोडिझेल. क्रम उलटा केलात तर जड बायोडिझेल तळाशीच बसून राहतं. काम भर दुपारी करा; गार पिंपातलं बायोडिझेल डिझेलमध्ये पडताच मेण धरतं. अर्धा तास पंपाने फिरवा, मग वरचा आणि तळाचा नमुना काढून हायड्रोमीटर (घनता मोजणारं साधन) लावा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आणखी फिरवा.

बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर झपाट्याने तुंबतात. दोन फिल्टर हाताशी ठेवा आणि दर आठवड्याला टाकीच्या तळाचं पाणी काढा. नायट्राइल रबराचे पाइप फुगतात, तिथे व्हिटॉन या इंधनात टिकणाऱ्या रबराचे घाला. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा इंधनाच्या वाटेत नको, त्यांच्यामुळे इंधन लवकर आंबतं.

तयार मिश्रण तीन महिन्यांत संपवा. महिन्याला दोन तास चालणाऱ्या सोसायटीच्या जनरेटरमध्ये मात्र साधं डिझेलच ठेवा. ऐन वीज गेल्यावर लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असताना फिल्टर बदलत बसायची वेळ येऊ नये.