घडीच्या चाकूला तेल कोणतं?

तासगावात आमची द्राक्षबाग, त्यामुळं खिशात बारा महिने घडीचा चाकू. ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरिज जातीच्या द्राक्षखुंटावर कलमं भरायची असली की तो हातातून सुटतच नाही.

पहिल्यांदा मी खिळीत, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं तिथं, घरचं शेंगतेल सोडलं. दोन दिवस पातं लोण्यासारखं फिरलं. महिन्याभरात खिळीभोवती तपकिरी चिकटा धरला आणि नख तुटायची वेळ आली तरी चाकू उघडेना. खायचं तेल हवेनं घट्ट होत जातं. खोबरेल तर थंडीत गोठतंच.

आता शिलाई मशीनचं पातळ तेल वापरतो. त्याच चाकूनं पेरू कापून खाणार असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या. वास नाही, खवट होत नाही. खिळीत पितळी वायसर असेल तर किंचित ग्रीस चालतं, पण बागेतली माती त्यात अडकते आणि खरखर सुरू. वायसरऐवजी बारीक छऱ्यांचं बेअरिंग असलेल्या चाकूला ग्रीस नकोच, पातं जड फिरतं. डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा घाण सोडवायला झकास, वंगण म्हणून टिकत नाही.

आधी जुना चिकटा स्पिरिटच्या बोळ्यानं काढा. काडेपेटीच्या काडीवर एकच थेंब घेऊन खिळीपाशी टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. पंधरा-वीस वेळा उघडझाप करून बाहेर आलेलं पुसा. कलम भरण्याआधी पातं पुन्हा स्पिरिटनं पुसायचं, कापावर तेल लागता कामा नये.

आमचा थोरला अजून बाटलीच उलटी करतो. त्याच्या प्रत्येक पँटच्या खिशाला तेलाचा डाग आहे.