पत्र्याच्या शेडला पर्लिन किती अंतरावर टाकायची?

पर्लिन म्हणजे पत्र्याखाली आडवी टाकलेली लोखंडी दांडी, तिच्यावरच पत्रा बसतो. आमच्या जालन्याकडं शेडचं गिऱ्हाईक आलं की विचारणार, "दादा, चारऐवजी पाच फुटांवर पर्लिन टाकली तर किती लोखंड वाचंल?" वाचतं थोडंफार. पण भार तोच धरला, तर पत्र्याचा झोल जवळजवळ अडीचपट होतो. म्हणून 0.5 एमएमचा पत्रा असेल तर 4 फूट ही माझी हद्द. 0.35 चा आणलात तर 3 फूट. सिमेंटचा 6 एमएम पत्रा असेल तर 1.4 मीटरच्या पुढं जाऊच नका; तो वाकत नाही, तडकतो.

सगळ्यांना वजनाची काळजी. पण आपल्याकडं अवकाळीच्या वाऱ्यात शेड दबत नाही, उडते. आयएस 875 मध्ये (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय. त्याचा दाब निघतो चौरस मीटरला सुमारे 93 किलो. कैच्या (पर्लिनला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे) 12 फुटांवर आणि पर्लिन 4 फुटांवर असेल, तर एका पर्लिनच्या वाट्याला 48 चौरस फूट पत्रा येतो. अंदाजानं पूर्ण दाब वरच्या दिशेनं धरला, तर 400 किलोच्या वर ओढ. तेवढ्या पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 20-25 किलो! वर दगड ठेवून काय होणार? पत्रा उडाला की तेच दगड गोठ्यातल्या जनावरावर.

ही ओढ वळचणीला आणि आढ्यापाशी जास्त असते. त्यामुळं आखणी कडेपासून करा. समजा उतारावर 12 फुटी एकच पत्रा बसतोय. वळचणीला 1 फूट बाहेर सोडा (त्याहून जास्त नको), आढ्यापासून 6 इंच खाली शेवटची पर्लिन धरा. मध्ये उरले साडेदहा फूट. बरेच जण साडेतीनचे तीन गाळे पाडतात. मी वळचणीकडून 3, मधला 4, आढ्याकडं साडेतीन असे पाडतो. पर्लिन चारच लागतात, लोखंड तेवढंच.

कैच्या 16 फुटांवर नेल्या तर मात्र पर्लिन जवळ घेऊन भागत नाही, पर्लिनचा सेक्शनच (लोखंडाची जाडी-उंची) मोठा लागतो. आयएस 800 (लोखंडी बांधकामाचं मानक) प्रमाणं लोखंडी पत्र्याखालच्या पर्लिनला लांबीच्या 150 व्या भागाइतका झोल चालतो, म्हणजे 12 फुटाला साधारण एक इंच. आणि वळचणीच्या ओळीत स्क्रू मारताना एकही पन्हळ सोडू नका.