गोल्डफिश आजारी पडला? औषधाआधी या चुका टाळा

जळगावात मी बारा-तेरा वर्षं गोल्डफिश पाळतो. ओळखीतल्या कुणाचा मासा सुस्त झाला की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणतं औषध टाकू?’ मी विचारतो, ‘पाण्यात अमोनिया किती आहे?’ त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. ‘दादा, पाणी कालच बदलेल शे, एकदम काच शे!’

काचेसारखं पाणीच घात करतं. अमोनियाला रंग नसतो, आणि मासे मारण्याइतका असला तरी त्याचा वासही येत नाही.

टाकी धुवून काढणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. मागच्या एका मे महिन्यात भुसावळहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, चारही मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत.’ घरी पाहुणे यायचे म्हणून तीन दिवसांपूर्वी त्याने टाकी पूर्ण रिकामी केली होती. खडी साबणाच्या पाण्याने घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरलं. पारा ४४ वर असताना दुपारी गच्चीवरचं पाणी हाताला चटका देतं. मासे मलूल दिसले म्हणून त्याने मेथिलीन ब्ल्यू हे निळं औषध टाकलं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून अँटिबायोटिकची कॅप्सूलही फोडून टाकली.

मी संध्याकाळी पोचलो. निळ्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं, म्हणून एका माशाला पांढऱ्या तसराळ्यात घेतलं. अंगावर एक ठिपका नाही, जखम नाही. फक्त कल्ले भडक लाल आणि पर अंगाला चिकटलेले. त्याला रोग झालेलाच नव्हता, तो अमोनियाने पोळला होता.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. स्पंजवर आणि खडीवर राहणारे जिवाणू तो खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती दहा मिनिटांत क्लोरीनच्या नळाखाली धुवून जाते. उरलीसुरली औषधाने मारली. त्यात आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) ८ च्या वर. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो आणि विरघळलेला ऑक्सिजन घटतो.

रात्री १ वाजेपर्यंत थोडं थोडं पाणी बदललं, आदल्या रात्री भरून ठेवलेलं. हवेची मोटर पूर्ण जोरात लावली, खाणं बंद केलं. दोन मासे गेले, दोन वाचले. आठवड्याने वाचलेल्यांच्या परांच्या कडा काळ्या पडल्या, तेव्हा भाचा पुन्हा घाबरला. पोळलेली जागा भरून येताना गोल्डफिशला असा काळा रंग चढतो. त्यावर औषध टाकू नका.

माझी सवय सांगतो. दर रविवारी पाव ते एक तृतीयांश पाणी बदलतो, रात्रभर उघड्या पिंपात ठेवलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबतो. तो तपकिरी राहिला तर राहू द्या.

ठिपके गेले की औषध बंद

पांढरे ठिपके म्हणजे इक. माशाच्या कातडीत घुसलेला परजीवी तिथे मोठा होतो, गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषध फक्त या पोहणाऱ्यांना मारतं. कातडीतल्याला आणि तळाच्या कोषातल्याला काहीच होत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ दिसतं, तेव्हा खरी लढाई खाली खडीत चालू असते. नेमकं तेव्हाच लोक औषध थांबवतात, आणि आठ-दहा दिवसांनी आधीपेक्षा दुप्पट ठिपके येतात. पंचविशीच्या आसपासच्या पाण्यात हे चक्र आठवडाभरात फिरतं. डिसेंबरच्या आपल्या थंडीत त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. अधीर माणसाने हा उपचार सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी आधी साधं खडा मीठ वापरतो. लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १८० ग्रॅम. काट्यावर मोजून, तीन भाग करून, दीड दिवसात विरघळवून घालतो. मुठीने कधीच नाही. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर ठेवतो. २० लिटर पाणी काढलं तर ६० ग्रॅम परत घालायचं. उन्हाने आटलेलं पाणी भरताना मात्र घालायचं नाही, कारण मीठ वाफ होऊन जात नाही. टाकीत वनस्पती असतील तर त्या आधी हलवा.

आणि ठिपके कुठे आहेत ते भिंगातून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काड्यांवर ओळीने बारीक दाणे दिसले, तर तो वयात आलेला नर आहे. अशा धडधाकट नरांना लोकांनी औषधं पाजलेली मी पाहिली आहेत.

उलटा तरंगणारा मासा बहुतेकदा जास्त खाल्लेला असतो. दोन दिवस उपाशी ठेवा, मग उकडून सोललेला मटार द्या आणि पुढे तरंगणारं खाणं भिजवून द्या. खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिले असतील तर जलोदर आहे, मासा लगेच वेगळा काढा. असे फार थोडे वाचतात, हे आधी मान्य करा. दोन औषधं एकत्र नकोत. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषधाआधी काढा, तो औषध शोषतो. उन्हाळ्यात बर्फ थेट टाकीत टाकू नका, वर पंखा लावा. काचेच्या गोल भांड्याबद्दल मला काही बोलायचंच नाही, त्यात गोल्डफिश ठेवू नये.

दुकानातून आणलेला नवा मासा थेट जुन्यांत सोडण्याची घाई तर सगळेच करतात. माझ्याकडे नवा मासा चार आठवडे ५० लिटरच्या वेगळ्या टबात राहतो. स्पंज जुन्या टाकीतला मुरलेला, पण जाळी वेगळी, बादली वेगळी, आणि त्या टबातलं थेंबभर पाणीही मोठ्या टाकीत जात नाही.