लोकांना सायकलवर आणायचंय? मग या चुका टाळा

पुण्यात सायकलचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी जुन्या आठवणींत शिरतंच. डबलसीट, डायनॅमोचा दिवा, मंडईतून हँडलला पिशव्या अडकवून येणं. हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. २०१७ साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या शेवटी मोबाइलवरून घ्यायच्या भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. चांगल्या सायकल मार्गांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करायलाच हवा. पण आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत जे आपल्याच हातात आहे, तिथंही बऱ्याच चुका होतात. आम्हीही केल्या.

पहिलीच फेरी लांबची

आम्ही सुरुवात रॅलीनं केली. टी-शर्ट, बॅनर, थेट खडकवासला, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. साठ जण आले. पुढच्या रविवारी सात. बाकीच्यांची पाठ आणि मांड्या धरल्या होत्या, आणि आपल्याला हे जमणार नाही असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नव्या माणसाला पाच-सहा किलोमीटर पुष्कळ होतात. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा ठेवा, आणि सवयीचा एक सायकलस्वार कायम शेवटी राहू द्या. मागे एकटी पडलेली व्यक्ती सहसा परत येत नाही.

पार्किंगमधल्या सायकली न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपण लोकांना सायकल घ्या म्हणून सांगत राहतो, आणि खाली पार्किंगमध्ये भिंतीला टेकून धूळ खात उभ्या असलेल्या सायकलींचं काय? आमच्या इमारतीत अशा चौदा होत्या. मालकांना विचारलं तर उत्तर एकच: "पंक्चर आहे, बघायचंय एकदा."

एका रविवारी ओळखीच्या सायकलवाल्या काकांनाच खाली बोलावलं. बऱ्याच सायकलींना पंक्चर नव्हतंच! जुन्या पद्धतीच्या वॉलवर, म्हणजे हवा भरायच्या तोंडावर, जी बारीक रबरी नळी असते, ती वर्षानुवर्षं उभ्या सायकलीत कडक होऊन चिरते आणि हवा निघून जाते. तेवढी वॉलट्यूब बदलली आणि काम झालं. तिला फार तर काही रुपये लागतात. उरलेल्यांचे ब्रेकचे रबर दगडासारखे झाले होते; ते बदलल्याशिवाय कुणालाही रस्त्यावर नेऊ नका. टायरला भेगा असतील तर टायरही बदला. चेनला खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं; मशीनचं तेल घाला आणि वरचं फडक्यानं पुसून घ्या.

सीटची उंची

"सायकलनं गुडघे जातात" असं कुणी म्हणालं की आधी सीट बघा. बहुतेकदा ती फार खाली असते. सीटवर बसून खालच्या पेडलवर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि सायकल जड चालत असेल तर हवा तपासा. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं.

मोठ्यांना मागून धरून शिकवणं

शिकणाऱ्यासाठी मात्र याच्या उलट. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय पूर्ण टेकतील, आणि दोन्ही पेडल काढून ठेवा. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरलात तर ते अजूनच घट्ट बसेल. आमच्याकडच्या एक काकू, वय बावन्न, आधी महिनाभर कुणीतरी मागून धरतंय या भरवशावर चालवत होत्या आणि हात सुटला की पडत होत्या. पेडल काढल्यावर पायांनी ढकलत पार्किंगच्या उतारावरून घसरल्या, पाय उचलले, तोल सापडला. "पाय टेकतोय ना, मग सोडा मला," असं त्यांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पेडल लावले.

बायकांना बायकांनीच शिकवलं तर फार फरक पडतो. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेनं सायकल शिकवणं हे आपलंच काम मानलं. शिकलेल्या बायका पुढच्यांना शिकवत गेल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा कितीतरी जणींनी दांडीवाल्या जेन्ट्स सायकली घेतल्या. दांडीवर मूल बसवता येतं, म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या.

महागड्या सामानाची यादी

गिअर, जर्सी, खास बूट हे पहिल्या दिवशी सांगू नका. हेल्मेट, पुढे-मागे दिवा, घंटी आणि कुलूप पुरे.

फक्त रविवारचा विचार

रविवारी फिरणारा माणूस सोमवारी दूध आणायलाही गाडीच काढतो. त्याला रोजचं एक काम सायकलवर द्या. त्याच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत किंवा स्टेशनपर्यंत मोठा रस्ता टाळून जाणारी बोळांची वाट एकदा त्याच्यासोबत जाऊन दाखवा; नकाशा पाठवून भागत नाही. सायकल कुठं लावायची, तेही तेव्हाच बघून ठेवा. तीन जिने चढवून घरात ठेवावी लागणारी सायकल रोज निघत नाही. आम्ही सोसायटीच्या सभेत एका चारचाकीची रिकामी जागा मागून घेतली आणि भिंतीला लोखंडी दांडा बसवला. त्या जागेत आता अकरा सायकली राहतात. शेजारी खिळ्याला सगळ्यांसाठी एक पंप टांगलाय, साखळीनं बांधून.