चाळीस घड, सव्वीस ठिपके

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षी प्रोजेक्टसाठी स्वतःचा डेटा आणायला सांगितलं होतं. रावेरकडे आमची केळीची बाग, कांदेबाग म्हणतात ती, त्यामुळे लांब जावं लागलं नाही. कापणीला काट्याशेजारी वही घेऊन बसलो, चाळीस घडांची वजनं टिपली. रात्री आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रिपचार्ट, म्हणजे दर घडाच्या वजनाला एक ठिपका देणारी आकृती, काढून काकांना दाखवला. त्यांनी बोटाने ठिपके मोजले. "सव्वीसच भरतात. बाकीचे चौदा घड कुठे गेले रे भो?"

एकावर एक बसले होते. स्ट्रिपचार्टला मेथड सांगितली नाही तर तो ओव्हरप्लॉट धरतो, म्हणजे सारख्या वजनांचे ठिपके एकाच जागी छापतो; आणि तेही पोकळ चौकोन. जिटर दिलं की ठिपके वर-खाली पांगतात, पण त्या वर-खालीला काही अर्थ नसतो आणि बघणारा तो शोधत बसतो. आपल्याला हवं ते स्टॅक, म्हणजे सारखे ठिपके एकाच्या डोक्यावर एक रचणारी मेथड. सोबत भरीव गोलासाठी पीसीएच (ठिपक्याचं चिन्ह ठरवणारा आकडा) १९ आणि दोन ठिपक्यांतल्या अंतरासाठी ऑफसेट द्यायचा. शोधताना डॉटचार्ट नावाचं फंक्शन सापडेल, त्याच्या नादी लागू नका. तो क्लीव्हलंड या संख्याशास्त्रज्ञाचा प्रकार, प्रत्येक आकड्याला वेगळी ओळ देणारा.

स्टॅकची खोड अशी की तो तंतोतंत सारख्या आकड्यांचीच चळत लावतो. १९.९ आणि २०.० शेजारी उभे राहतात, एकमेकांवर चढत नाहीत. मग वजनाला दोनने गुणायचं, राउंड करायचं, दोनने भागायचं. अर्ध्या किलोचे टप्पे पडतात. जीजीप्लॉट-टू या आरच्याच आलेखांच्या पॅकेजमधल्या जिओम डॉटप्लॉटमध्ये हेच काम बिनविड्थ, म्हणजे टप्प्याची रुंदी, करते. ती दिली नाही तर तो पूर्ण पल्ल्याचे तीस भाग करतो आणि तसं सुनावतोही. पद्धत विल्किन्सन या संख्याशास्त्रज्ञाची, १९९९ची. त्यातल्या उभ्या अक्षावरचे आकडे मात्र निरर्थक असतात, ते सरळ काढून टाका. मी पहिल्या सादरीकरणात ठेवले आणि 'हे ०.७५ कसलं?' या प्रश्नावर पाच मिनिटं घाम पुसला.

राउंड करण्याआधी कच्च्या आकड्यांचा स्टॅक एकदा जरूर बघा. माझ्यात सगळीकडे एक-दोन ठिपके आणि बरोबर २०.० वर सातांचा मनोरा होता. हिस्टोग्राममध्ये तो शेजारच्यांत मिसळून गेला असता. काका म्हणाले, "सात घड एकाच वजनाचे? काट्यावर कोण होतं?"

मीच होतो, फक्त मध्ये जेवायला गेलो होतो. वही काढली. सातही नोंदी सलग, अक्षर धाकट्या भावाचं.