बारावीच्या जीवशास्त्रातील हृदयाचा अभ्यास कसा करावा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्रात श्वसन व रक्ताभिसरणाचा धडा आला, की दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले विद्यार्थी अनेकदा इंग्रजी नावांपाशी अडखळतात आणि ती घोकण्यातच दिवस घालवतात. नावे पाठ करण्यापूर्वी रक्ताचा प्रवास स्वतःच्या मराठीत सांगता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी कोऱ्या कागदावर हृदयाचे चार कप्पे काढावेत: वर दोन अलिंद, खाली दोन निलय. आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयाची असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. हे ध्यानात न ठेवल्याने पुढची सगळी नावे उलटी पडतात. मग शरीरातले रक्त परत आणणाऱ्या महाशिरांतून उजव्या अलिंदात, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात, तेथून फुप्फुसांकडे, फुप्फुसांतून डाव्या अलिंदात, द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि शेवटी महाधमनीत, असा बाण पेन्सिल न उचलता काढावा आणि प्रत्येक टप्पा मोठ्याने सांगावा. सांगताना ‘का’ विचारावे. डाव्या निलयाची भिंत जाड असते, कारण त्याला रक्त साऱ्या शरीरभर ढकलायचे असते, तर उजव्याला जवळच्या फुप्फुसांपर्यंतच. धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, ही समजूत येथेच सोडावी: हृदयापासून दूर नेते ती धमनी, म्हणूनच फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते.

हा प्रवास पक्का झाला, की आर्टरी (धमनी), व्हेन (शिरा), एट्रियम (अलिंद), व्हेंट्रिकल (निलय) ही नावे त्याच आकृतीवर लिहावीत. ती आता रिकामी राहत नाहीत.

आकडेही असेच जोडून घ्यावेत. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतो: अलिंदांचे आकुंचन ०.१, निलयांचे ०.३ आणि उरलेले ०.४ सेकंद सर्वांचे शिथिलन. एका ठोक्यात निलय सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. ७२ ने गुणले, की मिनिटाला सुमारे ५ लिटर हे उत्तर स्वतःच काढता येते. मनगटावरची नाडी बसल्या जागी एक मिनिट मोजावी, जिना चढून आल्यावर पुन्हा मोजावी, म्हणजे यांतला कोणता आकडा बदलतो ते कळेल.

शेवटी पुस्तक मिटून स्वतःला एक प्रश्न विचारावा: द्विदली झडप नीट बंद झाली नाही, तर दम का लागेल? बाण उलट दिशेने फिरवल्यास निलयातले रक्त डाव्या अलिंदात परतते, तेथून मागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि श्वास जड होतो, हे उत्तर आकृतीतूनच मिळते. ते न सापडल्यास पुन्हा कोरा कागद घ्यावा.