भिंतीतून वायर ओढताय? आधी या चुका टाळा

पाइपातून वायर ओढणं बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. एकाने इकडून फिश टेप (वायर ओढायची लांब लवचीक पट्टी) सरकवायची, दुसऱ्याने तिकडून ओढायची, झालं काम. व्हिडिओत तर ते दोन मिनिटांत होतं, कारण तिथला पाइप नवाकोरा असतो आणि बहुतेक वेळा टेबलावर ठेवलेला असतो. आपल्या घरातला पाइप मात्र स्लॅब भरायच्या घाईत कुणीतरी टाकून दिलेला असतो. कपलिंगला सोल्यूशन न लावल्यामुळे आत सिमेंटचं पाणी शिरून गोठलेलं असतं, आणि पाच-सहा जुन्या वायरी आधीच दाटीवाटीने बसलेल्या असतात.

एसीची नवी लाइन, सीसीटीव्ही, वरच्या मजल्यावर वायफायसाठी कॅट-सिक्स म्हणजे नेटची केबल, अशा कामांना मला बोलावणं येतं ते बहुतेक आधी कुणीतरी हात आजमावून गेल्यावर. आणि घोळ तेच ते असतात.

मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं धरणं

ही सगळ्यात जिवावर बेतणारी चूक, म्हणून आधी हीच. मेन स्विच खाली पाडला, पंखा थांबला, की लोक बिनधास्त स्टीलची फिश टेप पाइपात घालतात. कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरची आठवण कुणालाच नसते. मेन गेला की इन्व्हर्टर इमानदारीत आपलं काम सुरू करतो, आणि त्याची फेज नेमकी त्याच पाइपातून गेलेली असते ज्यात तुम्ही हात घातलाय. नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण मेन चालू असताना बऱ्याच इन्व्हर्टरमधून लाइटची वीज तशीच पुढे जाते. दोन्ही बंद हवेत.

दुसरं, मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूची, मीटरकडून आलेली टर्मिनलं जिवंतच राहतात. पॉइंटकडून डीबीकडे, म्हणजे एमसीबींच्या डब्याकडे, सरकवलेली स्टीलची टेप डीबीत कुठे तोंड काढेल ते तुमच्या हातात नसतं. "आरसीसीबी आहे की" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या डीबीत आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, त्या टर्मिनलांच्या आधी आहे की नंतर, ते एकदा बघावं. मी टेप शक्यतो डीबीकडून पॉइंटकडे घालतो आणि वीज असलेल्या घरात नायलॉनचीच वापरतो. नायलॉनच्या टेपचीही दोन्ही टोकं धातूची असतात, त्यामुळे ती घेतली म्हणून आणखी धीट व्हायचं कारण नाही.

निऑन टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटर घ्या, आधी तो चालू प्लगवर तपासा, मग बॉक्समधली प्रत्येक वायर बघा, न्यूट्रलसुद्धा. आणि सोबत परवानाधारक वायरमन नसेल, तर डीबी स्वतः उघडायचा हट्ट करू नका.

गोळा बांधून ओढणं

यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण निम्म्या भिंती याच्यापायी फुटतात.

नायलॉनच्या फिश टेपला एका टोकाला लवचीक स्प्रिंग असते, तिच्या पुढे पितळेचा गोल मणी. दुसऱ्या टोकाला नुसतं भोक असलेलं पितळी डोकं. स्प्रिंग आहे ती बेंडमधून वाट काढायला. ओझं ओढायला नाही. टेप पलीकडे निघाली की मागच्या भोकाला वायर बांधायची आणि टेप तशीच पुढे ओढून घ्यायची. पण घाईचे लोक काय करतात? स्प्रिंगचं टोक बाहेर आलं की तिथेच, मण्याच्या मागे, वायर गुंडाळतात आणि टेप मागे खेचतात. स्वस्त टेपची स्प्रिंग नुसती दाबून बसवलेली असते. जोर लागला की ती निघते.

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये हेच झालं. गणपती आठवड्यावर आलेले, आणि त्याआधी हॉलमध्ये एसी हवाच असा हट्ट. ४ चौरस मिमीच्या तीन वायरी डीबीपासून न्यायच्या होत्या, पण त्यांच्यासाठी वेगळा पाइप नव्हता. म्हणून आधीच्या कारागिराच्या पोऱ्याने त्या लाइटच्याच २० मिमी पाइपात घुसवायचं ठरवलं. तिन्ही वायरींची टोकं एकाच जागी वाकवली, स्प्रिंगला अडकवली आणि वरून काळ्या टेपचे भरपूर वेढे दिले. अंगठ्याएवढा गोळा झाला. पहिल्या वळणापर्यंत तो आला, दुसऱ्यावर अडला. मग दोघांनी मिळून भिंतीला पाय लावून पकडीने खेचलं. स्प्रिंग सुटली, रिकामी टेप हातात आली आणि गोळा आत राहिला. वायरी उलट्या खेचून बघितल्या, तर काळ्या टेपच्या कडा उलटून गोळा आणखीच घट्ट बसला. त्या ओढाताणीत लाइटच्या जुन्या वायरींचं इन्सुलेशन सोललं गेलं, आणि हॉलमधले दोन दिवे गेले ते वेगळंच.

मी पोचलो तेव्हा कारागीर म्हणत होता, "अख्खी झिरी मारायला लागेल." म्हणजे पाइपाच्या वाटेने भिंतीत सलग खाच पाडायची. मालकाच्या आई दारात उभ्या. "अरे बाबा, मखर त्याच भिंतीला लावायचंय!" नुकताच टेक्स्चर पेंट झालेला.

अख्खी झिरी मारायची काहीच गरज नसते. एसीच्या बाजूने फिश टेप घातली, अडली तिथे पाइपाच्या तोंडाशी खूण केली, बाहेर काढून लांबी मोजली. तेवढीच लांबी पाइपाच्या वाटेवर मोजत गेलो आणि जिथे आली तिथे छिन्नीने तळहाताएवढी जागा उघडली. आत सावकाश वळणाऱ्या बेंडऐवजी एल्बो बसवलेला सापडला, काटकोनात. पाइपिंग करताना कुणीतरी चार पैसे आणि पाच मिनिटं वाचवली होती. एल्बोमधून सुटी वायर जाते, गोळा जात नाही. एल्बो कापून काढला, तिथे मॉड्युलर बॉक्स बसवला आणि वर कोरी प्लेट लावली. लाइटच्या वायरी बदलल्या. एसीची लाइन मात्र त्या पाइपात परत घातली नाही. ती पीओपीच्या वरून वेगळ्या पाइपाने नेली, जे आधीच करायला हवं होतं. ती प्लेट मखराच्या मागे गेली, म्हणून आईंची तक्रार मिटली.

आता डोकं कसं बांधायचं ते. तीन वायरी असतील तर पहिलीचं इन्सुलेशन चार-पाच इंच सोलतो. तिच्या निम्म्या तारा कापून टाकतो, उरलेल्या तारा फिश टेपच्या भोकातून ओवून स्वतःभोवतीच पिळतो. दुसरी वायर पहिलीच्या दोन इंच मागे, तिसरी आणखी दोन इंच मागे, आणि दोन्हींच्या सोललेल्या तारा पहिलीवर पीळ देऊन बसवतो. मग काळी टेप फिश टेपच्या बाजूने सुरू करून वायरींकडे नेत एकच थर, ताणून. गाजरासारखं निमुळतं डोकं तयार झालं पाहिजे. बोटं फिरवून बघा. कुठे कड लागली तर ती पाइपातही अडकणार. याला दहा मिनिटं लागतात, आणि दहा मिनिटं नाहीत म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. भिंत बुजवून रंग मारायला दोन दिवस असतात त्यांच्याकडे.

ओढताना एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, एका तालात. ढकलणारा माणूस जास्त महत्त्वाचा असतो, म्हणून जाणत्याने त्या बाजूला उभं राहावं. हेल्परला तिकडे उभं करून स्वतः ओढत बसणारे कारागीर बघितले की मला कळतं, आज गोळा अडकणार. अडलं तर झटका देऊ नका. हातभर मागे घ्या, थोडा पीळ द्या, परत पुढे. हाताने येत नसेल तर पकडीनेही यायला नको.

तेल, ग्रीस, साबण

व्हॅसलीन, ग्रीस, गोडं तेल यांतलं काहीही नको, तेलकट पदार्थ पीव्हीसी खराब करतात. भांड्याच्या साबणाचं पाणी त्या दिवशी कामाला येतं, पण वाळल्यावर चिकट थर धरतं आणि पुढच्या माणसाला त्या पाइपात काही सरकवता येत नाही. शंखजिऱ्याची पावडर वापरा, साधी आणि कोरडी. वायर पाइपात शिरते तिथे फडक्यात धरून चोळायची.

जुन्या वायरीच्या शेपटीला नवी बांधणं

कधीकधी चालतं, म्हणूनच धोक्याचं. जुन्या घरात पाइपाच्या पोटात कुणीतरी जोड मारून ठेवलेला असतो. तो जोड सुटला की जुनी वायर गेली, नवी आली नाही आणि वाटही बंद झाली. आधी जुनी वायर दोन्ही टोकांनी हलवून बघा. इकडे ओढल्यावर तिकडे लगेच हलली तरच तिच्यावर भरवसा ठेवा. आणि तिच्यामागून थेट नवी वायर नको, आधी नायलॉनचा दोरा घ्या.

दोऱ्यावरून आठवलं, रिकाम्या पाइपात फिश टेप जात नसेल तर व्हॅक्यूम क्लीनर आणा. प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा दोऱ्याला बांधून पाइपात सोडायचा आणि पलीकडच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी लावायची. मधल्या फाट्यांची तोंडं फडक्याने बंद केलेली असतील तर दोरा सरळ येतो. आणि काम झाल्यावर एक दोरा पाइपात कायमचा सोडून द्या. त्याला काही खर्च नाही, तरी हे करणारे कारागीर मला क्वचित भेटतात.

प्लग लावलेली तयार केबल भिंतीत घालणं

ऑनलाइन वीस मीटरची तयार लॅन केबल मागवायची आणि तिचा आरजे-४५ प्लग पाइपातून न्यायचा प्रयत्न करायचा. प्लगची ती छोटी जीभ पहिल्याच बेंडला मोडते. कॅट-सिक्स सुटी घ्या, ओढा, आणि मग टोकांना प्लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. या केबलला सुमारे ११० न्यूटनपर्यंतचाच ताण चालतो, म्हणजे ढोबळमानाने ११ किलोचं वजन. त्याहून जास्त खेचलं की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. केबल वरून धडधाकट दिसते आणि वेग मात्र येत नाही, मग दोष राउटरवर. वळण देताना त्रिज्या केबलच्या व्यासाच्या चौपटीहून कमी नको, म्हणजे साधारण एक इंच. सीसीए लिहिलेली स्वस्त केबल तर भिंतीत घालूच नका. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, ओढताना तुटते आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर आणखी त्रास देते.

विजेच्या पाइपात नेटची केबल नको. "जागा होती म्हणून घातली" हे कारण मला सांगू नका.

पीओपीच्या वर वायर नुसती टाकून देणं

फॉल्स सीलिंगच्या वर दिसत नाही, म्हणून तिथे सगळं चालतं अशी समजूत आहे. वायर लोखंडी चॅनलवरून तशीच लोळत टाकतात. नंतर सीलिंगवाला बोर्डला स्क्रू मारतो आणि तो चॅनल भेदून थेट वायरीत जातो. कधी लगेच ट्रिप होतं, कधी पावसाळ्यात दमट झाल्यावर. वायर फ्लेक्झिबल पाइपात घालून स्लॅबला क्लॅम्प करा, चॅनलला बांधू नका.

सीलिंग झाल्यानंतर वायर न्यायची असेल तर बोर्ड कापायच्या आधी दिवे काढा. डाउनलाइटच्या चार इंची भोकातून हात जातो, मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा जातो आणि फायबरच्या जोडदांड्याही जातात. दांडी एका दिव्याच्या भोकातून पुढच्या भोकापर्यंत, तिथून त्याच्या पुढच्या. दांडीचे पेच घट्ट करून घ्या, वर सुटलेली दांडी परत मिळवताना माणूस घामाघूम होतो.

बाकीच्या, थोडक्यात

बीम किंवा कॉलमला भोक नको, सोसायटीच्या परवानगीनेसुद्धा नको.

चार इंची विटेच्या भिंतीत आडवी झिरी मारू नका. आडवी झिरी जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी असा नियम आहे, आणि त्या हिशोबाने तिथे २० मिमीचा पाइपच मावत नाही. उभी न्या, ती एक तृतीयांशापर्यंत चालते.

बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा आणि केबलला भोकाच्या खाली एक लोंबता वळसा द्या. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत हे केलं नाही तर जूनमध्ये पाणी केबलवरून थेट बोर्डात येतं.

बाथरूमच्या मागच्या भिंतीला ड्रिल लावण्याआधी नळाचे पाइप कुठे आहेत ते बघा. इतकं सांगावं लागतं, काय करणार.

नवं बांधकाम असेल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मेजरिंग टेप उघडून धरा आणि फोटो फाइलमध्ये डीबीच्या नकाशासोबत ठेवा. फ्लॅट विकलात तर ती फाइल नव्या मालकाला द्या.

फिश टेप घ्यायचीच असेल तर घरासाठी १५ मीटरची नायलॉनची पुरते. ३० मीटरची घेऊन तिचा गुंता सोडवत बसणारे बरेच बघितलेत. विकत घेताना स्प्रिंग पिरगाळून, ओढून बघा. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान बघा.